डावीकडनं उतरा

माझी उजव्या पायाची एक चप्पल अजून त्या खाडीच्या चिखलात आहे. नोकरीच्या पहिल्याच दिवशी ती तिथे गेली. चप्पल गेली याचं दुःख करायलाही मला त्या माणसानं सवड दिली नाही. मला बखोटीला धरून पोत्यासारखं वर ओढलं आणि वर मलाच विचारलं, "वरडतोय मी मगापासनं, ऐकू येत न्हाय काय बाय?"

मगापासून बिगापासून काही नाही. तो एकदाच ओरडला होता आणि तेही माझा पाय चिखलात गेल्यावर. या मुद्द्यावर आमचं पुढे आठ वर्षं एकमत झालं नाही.

सगळे त्यांना तांडेल म्हणत. तांडेल म्हणजे खरं तर मोठ्या गलबतावरचा मुख्य. यांच्याकडे होती एक जुनी होडी, दोन वल्ही आणि एक लांब बांबू. पण तरुणपणी ते दूरवरच्या बंदरांपर्यंत गलबतं घेऊन गेले होते म्हणे, आणि उतारवयात माणसं खाडीपार करायला लागले तरी मान तांडेलाचाच राहिला. मीही पहिल्या दिवसाचा राग ओसरल्यावर त्यांना अहो-जाहो करायला लागले.

मी श्रीवर्धनची. सुपारीच्या वाडीत वाढलेली, समुद्र रोजचा, त्यामुळे पाण्याबद्दल मला सगळं कळतं असा माझा समज होता. खाडीपलीकडच्या अकरा घरांच्या वाडीत एकशिक्षकी शाळा निघाली आणि तिथे माझी नेमणूक झाली. अलीकडच्या गावात मी खोली घेतली होती. रोज सकाळी होडीनं जायचं, संध्याकाळी होडीनं यायचं. वाडीला जायला डोंगराकडूनही एक वाट होती, पण ती सात मैलांची, करवंदीच्या जाळ्यांतून खिंड ओलांडून जाणारी. माणसं तिकडून जात नसत, गुरं जात.

पलीकडचा उतार मोठा फसवा होता. भरतीला होडी थेट गवताला जाऊन टेके, काही प्रश्न नसे. पण ओहोटी लागली की डाव्या हाताला शेवाळलेले, वेडेवाकडे दगड उघडे पडत आणि उजव्या हाताला दिसे छान सपाट, राखाडी जमीन. सारवलेल्या अंगणासारखी. कुठलाही नवा माणूस त्या घाणेरड्या दगडांकडे बघून नाक मुरडणार आणि अंगणात पाऊल टाकणार. ते अंगण म्हणजे मांडीपर्यंत गाळ. म्हणून होडी उताराला लागायच्या आधी तांडेल दर नवख्या माणसाला ओरडून सांगायचे, "डावीकडनं! डावीकडनं उतरा!" वाडीची पोरं खेळातसुद्धा तस्संच ओरडायची.

त्या पहिल्या दिवशी होडीत बसताच मी दोन आणे पुढे केले होते. त्यांनी बघितलंच नाही. मला वाटलं, कमी आहेत. मी आणखी एक आणा काढला. तेव्हा म्हणाले, "ठेवा. तिकडं गेल्याव."

"आत्ता घेतले तर काय बिघडतं?"

"आधी पैसं घेतलं की वल्हं जड व्हतं."

हा त्यांचा कायदा होता. होडीच्या नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, एक नारळाची करवंटी बांधलेली असे. पैलतीराला पाय लागला की त्यात पैसे टाकायचे, आधी नाही. मध्येच वारा फिरला, होडी परत न्यावी लागली, तर कितीही दमले तरी एक पैसा घ्यायचे नाहीत. "तुमाला जायाचं व्हतं तिकडं. मी आनलं हिकडंच. पैसं कशाचं?" वाडीची माणसं तर पैसे देतच नसत. सुगीला घरटी पायलीभर भात त्यांच्या अंगणात आणून ओतत. वर्षभर पार केल्यावर.

एकदा बोर्लीचा एक कापडाचा व्यापारी गाठोडं घेऊन बसला. त्याला घाई होती. होडी मधोमध असताना त्यानं गुपचूप करवंटीत आठ आणे टाकले, म्हणजे म्हातारा जोर लावील. तांडेलांनी वल्हं थांबवलं, उठले, करवंटीतून नाणं काढलं, त्याच्या खिशात घातलं आणि परत जागेवर येऊन बसले. तोवर होडी प्रवाहानं चांगली शंभर हात खाली गेली होती. व्यापारी चरफडत राहिला. उतरल्यावर त्यानं दोन आणेच टाकले, आणि ते त्यांनी आनंदानं घेतले.

दुसरी खोड शिंपल्यांची. बसायच्या फळीशेजारी एक खोलगट खाच होती. वाडीतलं माणूस अलीकडे आलं की त्या खाचेत एक बारकी शिंपली पडे. ते परत गेलं की शिंपली पाण्यात. वाडीत जाणाऱ्या परक्या माणसासाठी एक मोठा शिंपला, तो माणूस परत फिरला की निघे. संध्याकाळी खाच रिकामी झाल्याशिवाय तांडेल होडी बांधत नसत. "दोघं ऱ्हायलीत," म्हणत आणि बिडी ओढत बसून राहत. वाडीतली एक म्हातारी अलीकडे लेकीकडे गेली ती दोन महिने आजारी पडून राहिली. दोन महिने ती एक शिंपली खाचेत होती. ती तिकडेच वारली तेव्हा तांडेलांनी शिंपली उचलली, जरा वेळ मुठीत धरली आणि हळूच पाण्यात सोडली. एरवी ते भिरकावून देत. मला त्या दिवशी शाळेत धड शिकवता आलं नाही.

लिहिता-वाचता येत नव्हतं त्यांना. पण कोण कधी आलं, कधी गेलं, कोणाच्या हातात काय होतं, हे दोन-दोन वर्षांचं तोंडपाठ. "परक्या मानसांत टपालवाला आठवड्यातनं दोनदा. कासार सनाच्या आधी. देवी टोचनारा वर्सातनं येकदा, आनि तो बी घाबरत बसतो." एवढ्यावर त्यांची परक्यांची यादी संपत असे.

आणि मग वाडीत वीज आली. म्हणजे, येणार असं ठरलं.

साठ सालानंतरची गोष्ट. खांब आले ते तांडेलांच्याच होडीला जोडहोडी बांधून. तीन दिवस त्यांनी ते वाहून नेले. माणसं आली, वाडीभर खांब उभे राहिले, या घरातून त्या घरात तारा गेल्या, अकरा घरांत अकरा मीटर बसले. काळी बटणं बसली. तांडेलांचा मुलगा मुंबईला गिरणीत होता, त्यानं एक बल्ब पाठवून दिला, चिंध्यांत गुंडाळून, लाडवाच्या डब्यात घालून. सुनेनं तो स्वतःच्या हातानं बसवला. आता फक्त डोंगरापलीकडून खिंडीतून येणारी मोठी तार वाडीच्या तारेला जोडायची राहिली होती. ठेकेदार म्हणाला, आठ दिवस. खिंडीतले चार खांब करवंदीत आडवे टाकून तो जो गेला तो गेला.

सून दर सोमवारी स्टुलावर चढून तो बल्ब पदरानं पुसायची. पेटलेला कधी नाही, पण वाडीत त्याच्याइतकी चकचकीत वस्तू दुसरी नव्हती. सुनेचे डोळे अधू होते आणि दिवसभर कामातून सवड नाही. चिमणीच्या उजेडात जाळी विणताना गाठी चुकायच्या. "बाय, उजेड आला की मी नवऱ्याला सोता पत्र लिवीन," असं ती मला म्हणायची. माझ्याकडे ती मुळाक्षरं गिरवत होती. तिला तो दिवा किती हवा होता हे मला दिसत होतं.

दिवा आला नाही. बिलं आली.

टपालवाल्यानं अकरा पाकिटं आणली, तीही होडीतूनच. तांडेल आपलं बिल घेऊन माझ्यापुढे उभे राहिले. "काय लिवलंय, वाचा."

मी वाचलं. मागील वाचन शून्य. चालू वाचन सात युनिट. अमुक इतके भरावेत. बाजारात तुरी म्हणतात ती ही. मला हसू आलं, पण तांडेल हसले नाहीत.

"सात म्हंजी?"

"तुमच्या घरात सात युनिट वीज जळली."

"कुनी मोजली?"

"त्यांचा माणूस असतो. महिन्याला घरोघर जाऊन मीटर बघतो आणि लिहून नेतो."

तांडेलांनी खाचेकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "कंच्या होडीनं आला तो?"

मी म्हटलं, चूक झाली असेल, अर्ज करू. अर्ज केला. पुढच्या महिन्यात बिल आलं, तेरा युनिट. दुसरा अर्ज केला. एकोणीस. आमचे अर्ज वर जात आणि त्यांचे युनिट वाढत. चौथ्या अर्जाला उत्तर आलं. ते मी अजून विसरलेले नाही. 'सदर वाडीस जोडणी दिल्याची नोंद आहे. मीटर वाचक दरमहा तरीने येऊन वाचन घेत असून त्याचे होडीभाडेही कचेरीतून अदा होत आहे. तक्रारीत तथ्य नाही.'

मी हे वाचून दाखवलं आणि तांडेलांचा चेहरा बघून मलाच भीती वाटली. सात युनिटांचा त्यांना एवढा राग आला नव्हता. "माज्या होडीचं भाडं?" ते म्हणाले. "माज्या होडीत पाय न ठेवता?"

मग लाल शाईतली नोटीस आली. थकबाकी महिन्याभरात न भरल्यास मीटर व तारा काढून नेण्यात येतील आणि जोडणी तोडण्यात येईल.

"तोडनार?" तांडेल म्हणाले. "आधी जोडा तरी!"

पण वाडी घाबरली. सरकारी कागद, त्यातून लाल. सगळे तांडेलांच्या अंगणात जमले. अकरा घरांनी मिळून भरून टाकू, तांडेलांचेही आम्हीच भरतो, पण खांब जाऊ देऊ नका, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. सून दारात उभी होती. सासऱ्यापुढे एरवी तोंड न उघडणारी ती बाई म्हणाली, "बाबा, भरा ना. मीटर नेला तं परत कोन आनंल?" मलाही तेच वाटत होतं, आणि मी तसं बोलूनही दाखवलं. चार रुपयांसाठी हट्ट कशाला, असं मी म्हटलं. शिकलेली ना मी.

तांडेल खांबाला टेकून बसले होते. ते म्हणाले, "बाय, मी पैसं भरलं तं पावती देतील?"

"देतील की."

"पावतीवर काय आसंल? वीज घेतली, पैसं दिलं. व्हय ना?"

"हो."

"मंग ती पावती दावून ते म्हनतील, वाडीत उजेड हाय. आपनच आंगठा उठवून दिला, उजेड हाय म्हनून. मंग खिंडीत तार कशाला वडतील? उजेड आलेल्या गावात परत कोन उजेड आनतो?"

मी तर खाली मान घालून बसले. अर्ज लिहिणारी मी, कायदा समजावून सांगणारी मी, आणि इतकी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. पैसे भरले असते तर वाडी कागदावर कायमची उजळली असती आणि घरात कायमची चिमणी राहिली असती.

"मीटर नेला तर?" कोणीतरी विचारलं.

"न्यायला होडीनंच येतील ना?" तांडेल म्हणाले. "येऊं द्या."

पाचवा अर्ज त्यांनी मला सांगितला आणि मी जसाच्या तसा लिहिला. पाठवला मात्र त्या कचेरीला नाही, तिच्या वरच्या साहेबांना. आधीची सगळी पत्रं जोडून. अर्ज एका ओळीचा होता. 'वाचणाऱ्या माणसाला घेऊन या, होडी तयार आहे.'

नोटिशीची मुदत संपायला चार दिवस असताना सकाळी नऊला जीप येऊन उभी राहिली. एक तरुण साहेब उतरले, आणि मागून एक टापटीप गृहस्थ, बगलेत जाडजूड वही, पायात पॉलिश केलेले बूट. हेच मीटर वाचक. मी होडीसाठी थांबलेच होते.

त्या गृहस्थांची तयारी बघून मी मनातून खचले. साहेबांना ते माझ्यादेखत सांगत होते, "वाडीचा फ्यूज सारखा जातो साहेब, म्हणून आज दिवे लागणार नाहीत. मीटरवर शून्य दिसेल. ही माणसं मीटर फिरवतात, चोरून तार ओढतात. मी स्वतः दर महिन्याला येतो, घरोघर जातो, सगळं बघून अंदाज धरतो. सहा महिने झाले." पलीकडे वाडीतले खांब आणि तारा उन्हात स्पष्ट दिसत होत्या. इथून बघणाऱ्याला वाडीत वीज नाही असं कोण म्हणेल? साहेब मान डोलवत होते. आता आपण काहीही दाखवलं तरी याच्याकडे उत्तर तयार आहे, हे मला कळून चुकलं.

तांडेल म्हणाले, "वाईच बसा साहेब. वल्ह्याची दोरी सुटलीया."

दोरी बांधायला पाऊण तास लागला. मग त्यांनी शहाळी आणली. मग न्याहारीचं फडकं सोडून भाकरी खाल्ली, एकेक घास बत्तीस वेळा चावून. जो माणूस उतारूला एक क्षण ताटकळत ठेवत नसे, तो साहेबाला दोन तास बसवून ठेवत होता. पलीकडे माझी शाळा खोळंबली होती. मला राग आवरेना. मी जवळ जाऊन हळू आवाजात म्हटलं, "अहो, साहेब चिडून परत जातील. मग बसा मीटर शोधत!"

ते तोंडातला घास संपवून म्हणाले, "पान्याची वेळ हाय बाय. माजी न्हाय."

मी पाण्याकडे पाहिलं. सकाळी काठोकाठ असलेली खाडी उतरायला लागली होती. आणि माझ्या डोक्यात एकदम लख्ख उजाडलं. मी गुपचूप जाऊन होडीत बसले आणि पदर तोंडाला लावला, कारण मला हसू दाबता येईना.

अकराच्या पुढे आम्ही निघालो. पैलतीर जवळ आला. डाव्या हाताला शेवाळलेले दगड उघडे पडले होते. उजव्या हाताला ते सुंदर राखाडी अंगण पसरलं होतं. वाडीची माणसं आणि माझी सगळी शाळा काठावर रांगेनं उभी होती, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या काठावर परका माणूस येत असताना कोणी ओरडत नव्हतं. पोरांनी तोंडावर हात धरले होते. तांडेलांनी आधीच बजावून ठेवलं असणार.

तांडेल साहेबांकडे वळले. "साहेब, तुमी जरा बसा. तुमी नवखे. मी हात देतो मंग उतरा."

मीटर वाचकांना ही संधी वाटली. ते वही सावरत उठले. "मी देतो ना हात साहेबांना. मला काय, रोजचंच आहे." आणि दगडांकडे एक तुच्छ नजर टाकून त्यांनी बुटासकट उजवीकडे उडी मारली.

आवाज फारसा झाला नाही. नुसतं 'फस्स' झालं. गृहस्थ मांडीपर्यंत आत गेले, सावरायला दुसरा पाय उचलला आणि तोही घालवला. वही लांब जाऊन पडली. काठावर माझ्या शाळेनं असा जल्लोष केला की झाडावरचे बगळे उडाले. मी शिक्षिका होते, मी त्यांना गप्प करायला हवं होतं. मीच सगळ्यात मोठ्यानं ओरडत होते.

साहेब दचकून उभे राहिले. "अहो, तुम्ही त्यांना सांगितलं कसं नाही?"

"नवख्याला सांगतो साहेब," तांडेल शांतपणे म्हणाले. "हे तं म्हैन्याला येतात."

साहेबांनी चिखलातल्या माणसाकडे पाहिलं. मग वाडीच्या एका पाच वर्षांच्या पोरीकडे पाहिलं. ती तांडेलांना पाणी द्यायला डावीकडच्या दगडांवरून टुणटुण उड्या मारत होडीपर्यंत आली होती. त्यांनी एवढंच विचारलं, "किती वेळा आलात म्हणालात?"

तांडेलांनी साहेबांना हात देऊन दगडांवरून उतरवलं. "डावीकडनं या," म्हणाले, अगदी हळू. दोन गड्यांनी फळी टाकून त्या गृहस्थांना परत होडीतच ओढून घेतलं. एक पॉलिश केलेला बूट आत राहिला तो राहिलाच. माझ्या चपलेला इतक्या वर्षांनी सोबत मिळाली.

साहेबांनी खिशातून पैसे काढले. दोन आणे करवंटीत पडले. मग त्यांनी वाचकांकडे बघत आणखी दोन आणे काढले. तांडेलांनी करवंटीवर हात आडवा धरला.

"यांचं नको साहेब. यांचा पाय कुठं लागला तीराला?"

साहेब घरोघर फिरले. तांडेलांच्या घरात आले तेव्हा सून दाराआड उभी होती. साहेबांची नजर त्या बल्बकडे गेली. इतका स्वच्छ बल्ब त्यांनी कुठल्या कचेरीतही पाहिला नसेल. "हा कधी पेटलाय का हो?" त्यांनी विचारलं. सुनेनं मान हलवली आणि बटण खालीवर केलं. टक, टक. रोज एकदा करून बघायची ती, हे मला त्या दिवशी कळलं. साहेब बाहेर आले आणि म्हणाले, "खिंड कुठे आहे ती दाखवा." पॅन्ट करवंदीत फाटेस्तोवर ते डोंगर चढले आणि आडवे पडलेले चार खांब स्वतः मोजून आले. जाताना अकराही घरांची सगळी बिलं फाडून त्यांनी तांडेलांच्या हातावर ठेवली. तांडेलांनी ती सुनेला चूल पेटवायला दिली.

तो माणूस भला होता. दोन महिन्यांत खिंडीतले खांब उभे राहिले, तार ओढली गेली. दिवे लागायचे त्या दिवशी अख्खी वाडी सुनेच्या घरात कोंबली होती, आणि तांडेल मात्र मला घेऊन दिवेलागणीला होडीतून खाडीच्या मध्यावर गेले. "हितनं बघू," म्हणाले. एकाएकी पलीकडच्या काळसर झाडीत अकरा ठिपके उमटले. तिकडून ओरडा ऐकू आला. तांडेल वल्ही सोडून दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले होते आणि त्यांच्या दाढीवरून पाणी ओघळत होतं. मीही रडत होते. इतका निखळ आनंद मला पुढे फार कमी वेळा झाला.

त्यानंतरच्या महिन्यात पहिलं बिल आलं. वाचक नवा होता. तांडेल त्याला ओरडून सांगत डावीकडून उतरवून घेऊन आले होते आणि खाचेत मोठा शिंपला पडला होता. चार युनिट. मी मोठ्यानं वाचलं. त्यांनी आणखी दोनदा वाचायला लावलं. मग ते सुनेला म्हणाले, "माजा धुतलेला सदरा काढ."

होडी मुलाच्या मुलाकडे सोपवून ते गावात निघाले. मी सोबत होते. कचेरीत शिरण्याआधी त्यांनी हातातल्या नव्या वहाणा पायात घातल्या. खिडकीतल्या कारकुनानं बिल पाहिलं आणि परत सरकवलं.

"आजोबा, मुदत अजून पंधरा दिवस आहे. एवढी घाई काय?"

तांडेलांनी बिल पुन्हा त्याच्यापुढे सारलं. वर मोजलेले पैसे ठेवले, सुटे, ओले, करवंटीतले.

"पैलतीर लागला," ते म्हणाले. "आता पसरा हात."